शमुवेलमामांची हाक

तापलेल्या कनातीचा, कैरीच्या चिकाचा आणि गुळाचा असा एक मिश्र वास अजूनही वैशाखात मला कुठूनतरी येतो, आणि त्यापाठोपाठ शमुवेलमामांचा प्रश्न कानी पडतो : "हाक मारता येती का?"

ओतूरजवळ, मांडवी नदीकाठच्या आमराईत आमच्या मिशनची उन्हाळी छावणी भरे. मिशनशाळांतली चाळीस मुले महिनाभर तंबूंत राहत. त्यांच्यासाठी तरुण शिक्षक निवडायचे आणि घडवायचे काम मामांचे. उमेदवार प्रमाणपत्रे पुढे करीत. मामा ती आदराने घेत, नीट चौघडी करीत आणि डगमगत्या मेजाच्या पायाखाली सारीत. मग उमेदवाराला नदीकाठच्या खडकावर उभे करून पैलतीरावरच्या मुलांना हाक मारायला सांगत. एवढीच परीक्षा.

आळे गावाहून आलेल्या एका तरुणाला शेकडो गीते मुखोद्गत होती. त्याची हाक ऐकून मामा म्हणाले, "राव, तुमी फौजदार व्हा. पोरं आली न्हाईत, पर पल्याडचे चोर पळाले बगा!"

माझी पाळी आली. मी कवितेवर वाढलेली. पदर सावरून, अनुप्रास साधून पुकारले, "बालकांनो, या, विनाविलंब या!"

पैलतीरावर एका शेळीने मान वर केली.

"बाई, ही हाक हाय का लग्नाचं आवतण?" मामा कपाळाला हात लावून म्हणाले. मग जरा विचार करून, "शेळीनं तरी बगितलं. शिकशील. ज्या दिवशी चाळीसच्या चाळीस पोरं तुज्या हाकेला ओ देतील, त्या दिवशी नेमणूक पक्की. न्हाईतर छावणी उठली की तू बी ऊठ."

उठून जायचे कुठे, तर पुण्याच्या बोर्डिंगातल्या शिवणखोलीत. दिवसभर बंड्यांना काजे करायला. त्या खोलीला खिडकी होती, पण ती भिंतीकडे उघडे.

रोज पहाटे शिकवणी सुरू झाली. "पोटातनं, बाई, पोटातनं! घशातली हाक म्हंजी ओल्या लाकडाची चूल. धूर लई, जाळ न्हाई." दुसरा नियम : मुलाला उगाच हाक मारायची नाही, आलेल्याच्या हातावर काहीतरी पडले पाहिजे. म्हणून मामांच्या खिशात सदैव गूळ असे आणि गुळाला मुंग्या. उपासनेच्या वेळी त्यांच्या अंगात जो भक्तिभाव संचारे, त्यात मुंग्यांचा वाटा किती, हे मला अखेरपर्यंत समजले नाही. तिसरा नियम सर्वांत अवघड : "नाव घेतलं की थांबायचं. ओ यायला येळ लागतो."

पण हाकेचे हे आचार्य स्वतः मात्र कुणाच्याही हाकेला ओ देत नसत. मी दोनदा हाक मारून पाहिली. मान वळली नाही. जुन्नरचे हुसेनभाई कनाती शिवायला येत. दाताने दोरा तोडत ते म्हणाले, "घसा फोडू नका, बाई. चालत जावा. किती वर्सं बगतोय, ह्यो गडी कुनाला ओ देत न्हाई."

एका पहाटे माझी हाक पुन्हा घशात अडकली, तेव्हा मामा स्वतः खडकावर चढले. "आमी आंबेगावचं. माजी माय घोडनदीपल्याडनं कशी हाक मारायची, ऐक." आणि त्यांनी हाक दिली : "धोंडूऽऽऽ!" पहिले अक्षर जड, दुसरे उंच उडून लांबवर तरंगणारे. सारे खोरे त्या स्वराने भरून आले.

"धोंडू कोण?" मी विचारले.

"मी. मोठ्या दुष्काळात माय गेली. मिशननं उचललं, नाव दिलं. नाव चांगलं हाय. पर ते हजेरीचं." एवढे बोलून ते गुळातल्या मुंग्या झाडू लागले.

छावणीच्या शेवटच्या दुपारी वावटळ आली. लाल धूळ उसळली, तंबू पतंगासारखे उडाले, मुले बांधाआड, करवंदीच्या जाळ्यांत, नदीपात्रात पांगली. हाताला हात दिसेना. मामांनी मला खडकावर चढवले. "मार!"

मी पोटातून हाक दिली. एकेक नाव, मग थांबणे. धुळीतून एकेक ओ उगवू लागला. कुणाचा घाबरा, कुणाचा हसरा, कुणाचा तोंडात माती गेलेला. एकोणचाळीस झाले. राहिली अवसरीची सोनी. तिला हाक दिली. उत्तर नाही. पुन्हा मारणार तोच मामा पुटपुटले, "थांब."

मी थांबले. माझी शिवणखोली, माझे उभे आयुष्य त्या थांबण्यात थांबले. आणि डोक्यावरच्या आंब्यातून रुसका, बारीक आवाज आला, "ओऽ! पर मी कैरी सोडनार न्हाई!"

चाळीस! मुलांनी एकच कल्लोळ केला. हुसेनभाई सुई धरलेला हात उंचावून ओरडले, "जितलीस, बाई!" माझ्या डोळ्यांत धूळ होती आणि आणखीही काही होते.

मामा कुठे होते? धूळ खाली बसली तेव्हा दिसले, कल्लोळ चालू असतानाच ते उतरून कोरड्या पात्रात दूरवर गेले होते. उडालेल्या तंबूची दोरी गुंडाळीत, पाठमोरे, एकटे. "चालत जावा," हुसेनभाई सवयीने म्हणाले.

वडीलधाऱ्यांना नावाने, आणि तेही एकेरी, हाक मारण्याचे धाडस मी त्यापूर्वी केले नव्हते. पुढेही केले नाही. पण त्या क्षणी हजेरी पुरी झाली नाही असे मला वाटले. मी श्वास पोटात भरला. पहिले अक्षर जड, दुसरे उंच.

"धोंडूऽऽऽ!"

मुलांनी माना वळवल्या. मामांच्या हातातली दोरी थांबली. मी दुसरी हाक मारली नाही. मला शिकवलेच तसे होते. ते वळले आणि कोरड्या पात्रातून, एखाद्या लहान मुलाच्या आवाजात, उत्तर आले :

"ओ!"