पेठेकाकांची गांधीलमाशी

पेठेकाका रायफल बघायला जाताना डब्यातून कांदेपोहे नेतात.

शनिवारी सकाळी मी त्यांना घ्यायला जातो तेव्हा ते दारात तयार उभे असतात. कडक इस्त्रीचा शर्ट, पायांत मोजे आणि त्यावर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, हातात स्टीलचा डबा. डबा दुकानदारासाठी असतो. "अरे, आपण त्या माणसाचा अख्खा सकाळचा वेळ खातो. काही न्यायला नको?" दुकानदाराचं नाव ग्रांट. धिप्पाड माणूस, लाल दाढी, मागच्या भिंतीवर रानडुकराचं मुंडकं. सुरुवातीला तो पोह्यांकडे संशयाने बघायचा. आता आम्ही गाडीतून उतरलो की तो पुढे येऊन विचारतो, "मुकुंद, मेट, लेमन विसरला नाहीस ना?"

त्या रानडुकराच्या मुंडक्याखाली बसून आम्ही तिघं पोहे खातो आणि मग काका म्हणतात, "हं. दाखवा आज काय आलंय."

हे सगळं ज्या माणसाचं चाललंय त्याने जन्मात अंडं खाल्लेलं नाही. मुकुंद पेठे, मूळ पुण्याचे, स्ट्रक्चरल इंजिनियर. भूकंपानंतर ख्राइस्टचर्च पुन्हा उभं करायला जगभरातून माणसं आली, त्यांत हे आले. त्याच ऑफिसात मी कॉम्प्युटरचं बघायचो, म्हणजे प्रिंटर चालत नसला की लोक माझ्याकडे बघायचे. काका माझ्या टेबलाशी येऊन एकच प्रश्न विचारत: "महेश, फॅक्टर ऑफ सेफ्टी किती?" पूल असो, खुर्ची असो, नाहीतर स्मिताने, म्हणजे माझ्या बायकोने, ऑफिसात पाठवलेला रव्याचा लाडू असो. लाडू दोन बोटांत दाबून ते गंभीरपणे सांगत, "पुरेसा आहे. दात आधी जातील."

काका आता रिटायर झालेत. शहराबाहेर त्यांची छोटी जागा आहे, इथे त्याला लाइफस्टाइल ब्लॉक म्हणतात. घर, एक शेड, आणि शैलाकाकूंची बाग. काकू हॉस्पिटलात फार्मसिस्ट होत्या. नोकरीतून उरलेला सगळा जीव त्या मातीत घालायच्या. मेथी, चुका, अंबाडी, मुळा. शहरात, रिकार्टनमध्ये आमच्याकडे त्यांची मेथीची जुडी दर उन्हाळ्यात यायची. दोन हिवाळ्यांपूर्वी काकू गेल्या. त्यानंतरच्या उन्हाळ्यात ससे आले.

आले म्हणजे आधीही होते, पण काकू हातात खुरपं घेऊन त्यांच्यावर ओरडायच्या आणि ते ऐकायचे. काकांचं कुणी ऐकत नाही. काका सशांना 'मंडळी' म्हणतात. "मंडळी काल चुका संपवून गेली. आज मुळ्याकडे वळतील." आपल्या घरी पंगत बसलीय आणि वाढपी कमी पडतायत, असा त्यांचा सूर असतो. त्यांनी कुंपण घातलं, तर सशांनी खालून बोगदे काढले. "जन्मभर पाये खणले मी," काका म्हणाले, "आणि फाउंडेशन मला सशांनी शिकवलं."

काकांची मुलगी मुग्धा तिकडे ऑकलंडच्या दक्षिणेला, पापाकुराला असते. नवरा, दोन मुलं, आणि बाबांसाठी एक खोली तयार. बाबांनी ब्लॉक विकून आपल्याकडे यावं म्हणून ती दर रविवारी फोनवर त्यांच्या मागे लागते. काकांचं उत्तर ठरलेलं: "तुझ्या आईची बाग सशांच्या तोंडी देऊन मी येणार नाही. एकदा यांचा बंदोबस्त करतो, बाग नीट लावून कुणा चांगल्या माणसाच्या हातात देतो, मग येतो." बंदोबस्तासाठी रायफल हवी. म्हणजे रायफल घेतली की ससे, ससे गेले की बाग, बाग झाली की पापाकुरा. हा हिशेब आम्हा सगळ्यांना तोंडपाठ होता. फक्त त्यातली रायफल येत नव्हती.

कारण काका रायफल निवडत नव्हते, स्थळ बघत होते.

सशाला मोठी बंदूक लागत नाही. त्यासाठी छोटी काडतुसं असतात आणि प्रत्येक काडतुसाची वेगळी रायफल. एक सतराची असते, तिला काका 'सतरा नंबर' म्हणतात. एक टू-ट्वेंटी-टू, इथले लोक तिला ट्रिपल टू म्हणतात, काका म्हणतात 'तीन दुर्‍या'. आणि एक हॉर्नेट. तिचं नाव कळल्यावर काका खूश झाले. "गांधीलमाशी! बघ, काय नाव आहे. लहान, पण लक्षात राहणारी."

ग्रांट बोल्ट काढून रायफल हातात द्यायचा आणि काका तिला उजेडात धरून न्याहाळायचे. तीन दुर्‍या आवाजाला मोठ्या, "शेजारी काय म्हणतील?" सतरा नंबर फारच नाजूक, "संसाराला टिकेल का?" एकीचा दस्ता प्लास्टिकचा निघाला, "आमच्याकडे चालत नाही." एक सेकंडहँड होती, अगदी चकाचक. काकांनी आवाज खाली आणून ग्रांटला विचारलं, "पहिल्यांनी सोडली का हिला?" ग्रांट म्हणाला, पहिला मालक म्हातारा होऊन वारला. काकांनी रायफल हळूच काउंटरवर ठेवली आणि त्या दिवशी पुढची बघितलीच नाही.

आणि मी? दिवाळीत लवंगी फटाक्याची वात पेटवून जिन्याखाली पळणारा मी, रिकार्टनच्या वाण्याकडे रांगेत उभा राहून अनोळखी लोकांना गोळीचा मार्ग किती सपाट जातो ते सांगू लागलो. काकांबरोबर गंमत म्हणून परवान्याच्या सराव परीक्षेला बसलो आणि नापास झालो. काका पास. स्मिता म्हणाली, "दुधाच्या बाटलीचं सील निघत नाही तुझ्याच्याने, तू कुणाला बंदुकीचा सल्ला देतोस?" मी तिला सांगितलं की प्रश्न बंदुकीचा नाही, निर्णयक्षमतेचा आहे. हे मी सतरंजीवर बसून सांगितलं, कारण सोफा कोणत्या रंगाचा घ्यावा हे आमचं तेव्हा ठरलेलं नव्हतं.

एकदा मी न राहवून विचारलं, "काका, ससे सगळं खातायत तर दर वेळी नवी मेथी पेरता कशाला?"

"मग त्यांनी यायचं कशाला? आमिष नको? तू सॉफ्टवेअरवाला, तुला शिकारीतलं काय कळतं!"

शेजारचा शेतकरी एकदा स्वतःहून म्हणाला होता, मी येऊन उडवतो तुझे ससे, नो वरीज. काकांनी त्याला चहा पाजला आणि सांगितलं, आपलं काम आपणच करावं. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी त्या वेळी दस्त्याच्या लाकडावर वाचन करत होतो.

इथे बंदुकीच्या परवान्यासाठी अर्ज केला की तुम्हाला ओळखणाऱ्या माणसाकडेही चौकशी होते. काकांनी माझं नाव दिलं. एक प्रौढ, शांत बाई आमच्या घरी आल्या. मी टाय लावून बसलो होतो. त्यांनी साधे प्रश्न विचारले: दारू पितात का, चिडतात का, घरी एकटेच असतात का. मी नोकरीच्या मुलाखतीसारखी लांबलचक उत्तरं दिली. मध्येच त्यांनी विचारलं, "त्यांना एखादा दिवस फार वाईट गेला, तर ते कुणाला फोन करतात?"

"मला," मी ताठ बसून म्हणालो.

"मग काय बोलतात?"

मी आठवायला लागलो. काकूंच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी काकांचा फोन आला होता, हॉर्नेटच्या वजनाबद्दल. काकूंच्या वाढदिवसाला आला होता, अक्रोडाचा दस्ता थंडीत तडकतो का ते विचारायला. कडाक्याच्या थंडीत दव गोठून बाग काळी झाली त्या सकाळी त्यांनी मला नळीच्या लांबीवर खूप वेळ ऐकवलं होतं आणि मी स्पीकर चालू ठेवून भांडी घासली होती.

"रायफलीबद्दल," मी म्हणालो. "फक्त रायफलीबद्दलच."

त्या बाईंनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "मग बरोबर आहे. तुम्हालाच करतात." मी चहा करायच्या निमित्ताने आत गेलो. चहा त्यांना नको होता.

परवाना आला. मुग्धाचा मला फोन आला, "महेशदादा, आता सुटका! बाबांना प्लीज ख्रिसमसच्या आधी रायफल घ्यायला लाव. मी त्यांची रूम पेंट केलीये, लाइट ब्लू. किड्सनी वॉलवर बाबांचं नाव लिहिलंय." बिचारी चांगली पोर. मीही कामाला लागलो. ग्रांटला फोन करून गळ घातली, बाबा रे, या वेळी नकार देता येणार नाही अशी काहीतरी आण.

ग्रांटने आणली. हॉर्नेट, हलकी, अक्रोडाचा गडद दस्ता, आवाज कमी, शेजाऱ्यांना त्रास नाही. काकांनी बोल्ट लावला, काढला. खांद्याला लावून भिंतीकडे नेम धरला. दस्त्यावरून हात फिरवला. पोहे गार झाले. शेवटी ते म्हणाले, "पसंत आहे." आवाज असा, जणू मुलगी सासरी निघालीय. "फक्त कपाटात मावते का ते बघू. पुढच्या शनिवारी नेतो."

हे कपाट त्यांनी सगळ्यात आधी, परवान्याचा पत्ताही नसताना घेतलं होतं. उंच, अरुंद, लोखंडी, बंदूक कुलपात ठेवायचं. भूकंपात हलू नये म्हणून असे बोल्ट मारले होते, की घर पडलं तरी कपाट उभं राहिलं असतं. त्या दुपारी मी माप घ्यायची टेप धरून उभा होतो. काकांनी खिशातून किल्ली काढून कपाट उघडलं.

आत शैलाकाकूंची हॅट होती. रुंद काठाची, गवताची, बागेत घालायची. खाली त्यांचे गमबूट, मातीसकट. बाजूला खुरपं.

"बाहेर ऊन लागून विटत होती," काका म्हणाले. "शेडमध्ये उंदीर. इथे बरी राहते." मग त्यांनी टेपचं टोक माझ्या हातून घेतलं, वरपासून खालपर्यंत माप घेतलं, आणि म्हणाले, "रायफल मावेल. दोन्ही नाही मावणार."

त्यांनी टेप गुंडाळली. खिडकीतून बाग दिसत होती. मेथीच्या नव्या वाफ्यात दोन ससे निवांत जेवत होते, आणि वाफ्याच्या कडेला पाणी भरलेली एक थाळी ठेवलेली होती. परतताना गाडीत मला एक साधी गोष्ट कळली: काकांना जायचं नव्हतं. आणि दुसरी, त्याहून साधी: मलाही ते जायला नको होते. शनिवारी मी काय करणार होतो? सोफा बघणार होतो?

पुढच्या शनिवारी आम्ही दुकानात गेलो. काकांनी या वेळी पोहे आणले नव्हते. ग्रांटने हॉर्नेट काउंटरवर ठेवली, कागद काढले, पेन पुढे केलं. काकांनी पेन हातात घेतलं. टोपण काढलं, परत लावलं, परत काढलं.

"काका," मी म्हणालो, "एक मिनिट. वाऱ्याचं काय?"

"वाऱ्याचं?"

"हॉर्नेटची गोळी हलकी. तुमच्याकडे नॉर्वेस्टर सुटला की पत्रे उडतात. नेम धरायचा सशावर आणि गोळी जायची शेजारच्या मेंढीला. फॅक्टर ऑफ सेफ्टी किती?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत माझ्या कुठल्याही तांत्रिक मुद्द्याकडे त्यांनी असं बघितलेलं नव्हतं. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि ते काउंटरवर आडवं ठेवलं.

"ग्रांट," ते म्हणाले, "हा मुद्दा राहूनच गेला होता."

मी ज्याला फोन करून गळ घातली होती तो ग्रांट आधी माझ्याकडे बघत राहिला, मग काकांकडे. दाढी खाजवली. मग हॉर्नेट उचलून मागच्या भिंतीवर लावून टाकली. "येह, नाह. तिकडे वारा असतो हीप्स, भरपूर," तो म्हणाला. "येईल दुसरी एखादी. पोहे नाहीत आज?"

गाडीत बसल्यावर काकांनी मुग्धाला फोन लावला, स्पीकरवर. "अगं, घेणारच होतो. पण महेशने वाऱ्याचा प्रश्न काढला. हुशार आहे, वाटत नाही."

पलीकडून मुग्धाने विचारलं, "बाबा, तिकडचा वारा कधी कमी होतो?"

काकांनी काचेतून बाहेर बघितलं. रस्त्याकडेची झाडं सगळी एकाच बाजूला वाकून वाढलेली.

"इथला? इथला काही थांबत नाही, बाळा."

"बरं," मुग्धा म्हणाली. ती हसत होती. "मग ख्रिसमसला आम्हीच येतो."

"या की!" काका ओरडलेच. "आणि येताना मेथीचं बी घेऊन ये. भरपूर आण. मंडळी वाढलीयेत."