सतरा व्होल्टची स्वारी

भंगारवाला दारात दिसला तर आधी त्यालाच वजनकाट्यावर चढवीन, असं आत्यांनी धाकट्या भावाला ठणकावून सांगितलं होतं. विषय वडिलांच्या जुन्या गाडीचा. गाडी आत्यांपेक्षा फार लहान नव्हती आणि स्वभावाने त्यांच्यावरच गेली होती. मनात आलं तर धावायची, कोणी जोर केला तर बसकण मारायची. भावाचं म्हणणं सरळ होतं. गाडी दोघांच्या नावावर, अंगण मात्र त्याचं अडतंय, आणि रोज सकाळी बघावं तर बॅटरी मेलेली.

शेवटी भावाच्या मुलीनेच तोड काढली. तिचं लग्न नोंदणी कार्यालयात होतं. ती म्हणाली, मी आजोबांच्या गाडीतूनच जाणार. गाडीने वेळेवर पोहोचवलं तर ती राहील, नाहीतर बाबा म्हणतील तसं.

"वेळेवर कशाला?" आत्या म्हणाल्या. "वेळेआधी पोहोचवते."

आत्यांनी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. जिने अख्ख्या शहराच्या तारा सांभाळल्या, तिला गाडीतल्या चार तारांचं काय कौतुक? त्यांच्या यजमानांनी भीत भीत मेकॅनिकचं नाव काढलं, तेव्हा आत्यांनी त्यांच्या हातात व्होल्टमीटर दिला. तो वाचायला त्यांच्यासारखा माणूस नव्हता. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात जन्म गेलेला. समोर जे असेल तेच वाचायचं, पदरचं अक्षर घालायचं नाही.

इंजिन चालू असताना बॅटरीवर चौदाच्या आसपास व्होल्ट दिसायला हवेत. तेवढे दिसले तर डायनामो बॅटरी भरतोय. नाही दिसले, तर गाडी नुसती साठवणीतलं खातेय. आत्या आत बसून ॲक्सिलरेटर दाबत होत्या, यजमान बॉनेटखाली वाकले होते.

"किती?"

"बारा."

"आता?"

"बाराच."

गॅलरीतून भावाने ऐकवलं की या गाडीचे बारा वाजलेत हे तो केव्हाचा सांगतोय, त्याला मीटर कशाला हवा होता?

आत्यांनी त्याच्याकडे मान वर करूनही पाहिलं नाही. डायनामोचा पट्टा ताणून पाहिला. बाराच. मग डायनामोच खोलला, तर आतले वीज उचलणारे कार्बनचे तुकडे झिजून नखाएवढे उरलेले. नवे कार्बन बसवले आणि काटा सुरसुर चढला. यजमानांनी "चौदा" असं वाचलं ते नापास होणारा मुलगा पहिला आल्याच्या आवाजात.

आत्या तिथेच थांबल्या असत्या तर सगळं निभावलं असतं. पण नवरी बसणार म्हटल्यावर त्यांना बॉनेटच्या आतला गंज बघवेना. लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांनी आतल्या पेट्या सुट्या केल्या, पत्र्याला मरून रंगाचे जाडजूड हात दिले आणि रंग वाळल्यावर सगळं जागच्या जागी घट्ट बसवलं. यजमान म्हणाले, पुन्हा एकदा मीटर लावून बघू या. आत्या म्हणाल्या, पास झालेल्या मुलाची कोणी फेरपरीक्षा घेतं का?

 सकाळी यजमान मात्र लांब वायरी जोडून, मीटर मांडीवर घेऊनच गाडीत बसले.

मागच्या सीटवर नवरी, मागोमाग भावाची नवी कोरी गाडी. गल्ली संपेपर्यंत चौदा होते. मोठ्या रस्त्याला लागल्यावर यजमान म्हणाले, "पंधरा." आत्या म्हणाल्या, लग्नाचा दिवस आहे, तिलाही हुरूप आलाय. मग सोळा झाले. नवरीने नाकाला पदर लावून सांगितलं की सडक्या अंड्यांचा वास येतोय.

"सतरा," यजमान म्हणाले. "अगं, बॅटरी उकळतेय. थांबव."

आत्यांनी आरशात पाहिलं. मागे भाऊ होता. इथे थांबलं की गाडी गेली, हे त्यांना मीटरशिवायही कळत होतं. डायनामो जास्त देतोय ना? मग खाणारी तोंडं वाढवायची. त्यांनी भर उन्हात पुढचे दिवे लावले, कोरड्या काचेवर वायपर सोडले, गरम हवेचा पंखा लावला. काटा थोडा उतरला. हॉर्न दाबला तर आणखी उतरला. सोडला की चढला. मग आत्यांनी हॉर्न सोडलाच नाही.

एवढ्यात पुढचा एक दिवा लख्ख पेटून उडाला. हॉर्न तर चिमटा बसल्यासारखा किंचाळत होता. रस्त्यावरच्या लोकांनी पटापट बाजू दिली. चौकातल्या वाहतूक पोलिसाला दिसलं ते असं: वासाने पांढरी पडून खिडकीबाहेर लोंबणारी नवरी आणि पुढच्या सीटवर आकडे मोजणारे म्हातारे गृहस्थ. तो धावत आला आणि पेशंट कसा आहे विचारू लागला.

"सोळा," यजमानांनी मांडीकडे पाहत सांगितलं. "पण उतरतोय."

पोलिसाने शिट्टी फुंकून तिन्ही बाजूंची वाहनं रोखून धरली. आत्यांची गाडी सुसाट निघून गेली आणि त्या अडवलेल्या गर्दीत भाऊ नव्या गाडीसकट अडकला.

कार्यालयाच्या आवारात आत्यांनी बॉनेट उघडलं आणि एका नजरेत त्यांच्या लक्षात आलं. व्होल्टवर लगाम ठेवणारी रेग्युलेटरची पेटी पत्र्याला टेकून अर्थिंग घेते. आत्यांनी तिच्याखाली रंगाची गादी अंथरली होती. अर्थिंग गेलं आणि डायनामो मोकाट सुटला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, स्क्रूखालचा रंग पिनेने खरवडला आणि बॉनेट बंद केलं. याबद्दल कोणापुढे अवाक्षर काढलं नाही.

भाऊ घामाघूम होऊन आला तेव्हा नवरा-नवरी, साक्षीदार आणि अधिकारी, सगळे त्याचीच वाट बघत बसले होते. सह्या झाल्या. मग तो हात जोडून म्हणाला, "ताई, हरलो. गाडी राहील. चल, घरापर्यंत तूच पुढे हो."

आत्या ऐटीत आत बसल्या आणि किल्ली फिरवली. बॅटरीतलं पाणी केव्हाच उकळून उडालं होतं. गाडी "टक" म्हणाली. पुन्हा फिरवली, पुन्हा "टक." सगळं वऱ्हाड बघत होतं.

आत्या शांतपणे खाली उतरल्या आणि दार लावलं.

"लग्नाला आलीय ती," त्या म्हणाल्या. "जेवल्याशिवाय कशी निघेल?"

जेवणानंतर गाडीला दोर बांधून ती घरी आणली गेली. दोराचं दुसरं टोक कोणाच्या नव्या कोऱ्या गाडीला होतं, हे भावाला विचारा. आत्यांना विचाराल तर त्या म्हणतील, त्याला रस्ता माहीत नव्हता, म्हणून मागे राहून दाखवत होते.