सुभद्राकाकूंचं युरप

सुभद्राकाकूंचं घर एसटी स्टँडच्या बरोबर समोर होतं, आणि पिंपळगाव राजातल्या प्रवाशांना त्याचा फार त्रास होता. हातात पिशवी घेऊन कोणी गाडीची वाट पाहत उभा राहिला की काकू ओट्यावरून विचारायच्या, "पहिल्यांदा जाऊन राह्यला का बापा?"

तो बिचारा खामगावला बियाणं आणायला निघालेला असायचा. जन्मात शंभर वेळा खामगावला जाऊन आलेला. पण काकू ओटा उतरून त्याच्याजवळ यायच्या आणि युरपात पहिल्यांदा जाणाऱ्यानं काय काय सांभाळावं ते त्याला सांगायला लागायच्या. त्या 'युरप' असंच म्हणत.

"पाणी घरूनच पोटभर पिऊन निघाचं. तथी फुकट पाणी देत नाई कोणी. अन् पाव रायते कडक, जळणाच्या लाकडासारखा. त्याच्याशी दातानं लढाचं नाई. चहात बुडवाचा अन् इकडं तिकडं पाह्यत राहाचं. आपोआप नरम होते."

माणूस मान डोलवायचा. गाडी आली की सुटल्यासारखा आत चढायचा. काकू खिडकीखाली उभ्या राहून उरलेलं सांगायच्या.

मी पुण्याकडची. महाराष्ट्र होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील तेव्हा तिथल्या हायस्कुलात शिक्षिका म्हणून गेले आणि काकूंच्या घरात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. सामान घेऊन एसटीतून उतरले तेव्हा समोर एक उंच, काळीसावळी, पन्नाशीची बाई उभी होती. नऊवारी लुगडं, कपाळ मोकळं, आणि पायांत काळे लोकरी मोजे आणि जाड तळाचे बूट. उन्हाळ्याचे दिवस होते. जमिनीवर अनवाणी पाय टेकवत नव्हता.

"काकू, गरम नाही होत?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"होते ना. पण सवय मोडली तं पाय दुखतात," त्या म्हणाल्या. मग माझ्या नव्या चपलांकडे पाहून म्हणाल्या, "नवा जोडा घालून परदेशात कधी जाऊ नोको, बाई. गावातच महिनाभर घासून घ्याचा."

काकू वर्षापूर्वी खरंच युरपात जाऊन आल्या होत्या. मुंबईहून एका प्रवासी मंडळीसोबत. त्या भागात तोवर कोणी बाईमाणूस आगबोटीतसुद्धा बसलं नव्हतं, आणि या विमानात बसल्या होत्या. सरकता जिना कसा चढायचा ते त्या पंचायतीच्या पायऱ्यांवर करून दाखवत. निऱ्या डाव्या हातात गोळा करायच्या, उजवा पाय आधी, आणि खाली पाहायचं नाही. पायऱ्या जागच्या जागी असल्यामुळे ते प्रात्यक्षिक फारच भीतिदायक वाटे. एका परदेशी अधिकाऱ्यानं त्यांच्या डब्यातल्या ठेच्याचा वास घेतला आणि तो शिंकत शिंकत बाहेर गेला, ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली की मला तो अधिकारी ओळखीचा वाटायला लागला.

काही गोष्टी मात्र त्या शहाण्यासारख्या सांगत. "एका दिवशी एकच गोष्ट नीट पाहाची. सारं पाहाले गेलं तं काहीच दिसत नाई." त्या स्वतः बाजाराच्या दिवशीही तसंच करत. एका आठवड्याला फक्त कुंभार पाहायच्या, पुढच्या आठवड्याला फक्त बांगड्यावाला. भाजी आणायची राहून जायची.

आमच्या शाळेचा शिपाई पोटाच्या ऑपरेशनसाठी अकोल्याला निघाला होता. बैलगाडीतून त्याला आडवा स्टँडवर आणला. त्याची बायको रडत होती. काकूंनी वाकून त्याला विचारलं, पहिल्यांदा का? त्यानं डोळ्यांनीच हो म्हटलं. "तं मंग भेऊ नोको," काकू म्हणाल्या. "भाषा समजली नाई तरी कोणी हसून पाह्यलं की आपणही हसाचं." तो परत आला नाही. पण त्याच्या बायकोनं मला नंतर सांगितलं, की टेबलावर नेईपर्यंत तो सगळ्यांकडे पाहून हसत होता.

यावरून गावात एक वाईट विनोद निघाला. कोणाची तिरडी स्टँडवरून जायला लागली की मागची माणसं हळूच म्हणत, थांबा बे, काकू आता मढ्यालेही विचारतीन, पहिल्यांदा जाऊन राह्यला का. लोक हसत. त्या हसण्यात नुसती गंमत नव्हती, हे मला लवकरच कळलं.

शाळेतल्या बायकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. काकूंचे यजमान, गाव त्यांना दादासाहेब म्हणायचं, मोठे शेतकरी. मॅट्रिक झालेले, रेडिओ आणि नकाशांचे वेडे. डोंगरावरचा बर्फ डोळ्यांनी पाहायचा, एवढीच त्यांची हौस. दोघांनी जायचं ठरलं, पासपोर्ट आले, आणि महिनाभर आधी त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा निम्मी गेली. काकू जायचं रद्द करायला निघाल्या, तर त्यांनी अन्न सोडलं. नीट बोलता येईना, पण दाराकडे बोट दाखवून म्हणत, जाय. पाहून ये. काकू शेवटी गेल्या. आणि त्या तिकडे असताना दादासाहेब वारले.

"तार गेली होती," त्या बायका म्हणाल्या. "तार भेटली, तरी ही बाई आली नाई. तेरवी झाल्यावर उगवली. नवरा इकडं जळला अन् ही तिकडं बर्फात खेळत होती. अन् आता बूट घालून साऱ्या गावाले युरप सांगते."

गावानं ते माफ केलं नव्हतं. लग्नाकार्याला काकूंना बोलावणं नसे. विहिरीवर त्या गेल्या की बाकीच्या बायका घागरी उचलत. बाजूच्या घरात दीर भाऊराव राहायचे. मधे एक भिंत. शेतीच्या कामापुरतं दोघं बोलत, तेही अंगणातून. मी एकदा काकूंना विचारलं, की लोक असं बोलतात ते खरं का. त्या मोजा रफू करत होत्या. म्हणाल्या, बोलू दे. आणि मोज्याची टाच कुठे लवकर झिजते ते मला दाखवायला लागल्या.

दुसऱ्या वर्षी भाऊरावांच्या शैलाचं लग्न जमलं. मुलगा जर्मनीत इंजिनिअर. लग्न करून तो परत गेला, शैलानं दोन महिन्यांनी जायचं ठरलं. शैला मॅट्रिक झालेली, बुजरी. नांदुऱ्याच्या पलीकडे कधी गेली नव्हती. घरात सगळ्यांना एकदम आठवलं, की तिकडं काय असतं हे सांगू शकेल असं साऱ्या तालुक्यात एकच माणूस आहे, आणि ते भिंतीपलीकडे आहे.

भाऊराव स्वतः आले नाहीत. शैलाच्या आईनं मुलीलाच पाठवलं. ती दारात येऊन म्हणाली, "मोठी आई, मले शिकवता का?"

मला वाटलं, काकू आता हिशेब चुकता करतील. त्यांनी फक्त तिला आत घेतलं आणि तिच्या पायाचं माप घेतलं.

पुढचे दोन महिने आमच्या घरात जर्मनी चालू होतं. काट्यानं भाकरी खाणं. जाड कोट अंगात घालून बटणं लावणं. मोरीत उभं राहून अंघोळ करताना पाणी बाहेर जाऊ न देणं. अंगणात चुलीतली ओली राख पसरून काकूंनी तिला निसरड्या जागेवर चालायला शिकवलं. त्यात दोघी एकदा आपटल्या आणि काकू बसल्या जागी हसल्या. त्यांना तसं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. आणि गावातल्या कोणालाही कधी न सांगितलेल्या गोष्टी त्यांनी शैलाला सांगितल्या. "संध्याकाळी लय एकटं वाटते तथी. चार वाजता अंधार पडते. तवा दिवा लावून काहीतरी तळाचं. वास आला घरात, की बरं वाटते."

निघायच्या आदल्या दुपारी भाऊराव मुलीला न्यायला आले. ते पहिल्यांदाच आत येत होते. दारातच उभे राहिले. काकूंनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "भाऊजी, एक ऐका. पोरीले तार कराची. घरात काहीही झालं तं कराची. मी मेली तरी, तुम्ही मेले तरी."

भाऊरावांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "तवा दादानंच नोको म्हटलं होतं, वहिनी."

"मले माईत हाय."

"कोणती तार?" शैलानं विचारलं. भाऊरावांनी तिचा हात धरला आणि ते तिला घेऊन गेले.

काकूंनी दार लोटून घेतलं आणि मग मला सांगितलं. दादासाहेबांची शेवटची घटका आली तेव्हा भाऊराव तार करायला निघाले होते. दादासाहेबांनी डाव्या हातानं त्यांचं धोतर धरलं. तिले पाहू दे, एवढं बोलले. तार गेलीच नाही. मुंबईत विमानतळावर भाऊरावांनी काकूंना हे सगळं सांगितलं. गावात आल्यावर लोकांनी विचारलं, तार केली होती ना? भाऊराव गप्प राहिले. त्या गप्प राहण्याचा लोकांनी जो अर्थ घेतला, तोच पुढे खरा ठरला.

"मग तुम्ही का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"सांगून काय? लोकाईनं मंग त्याईलेच नावं ठेवली असती, की मरता मरता बायकोले दूर ठेवलं. मेलेल्या माणसाले जवाब देता येते का? मी आहो ना ऐकाले." मग त्या म्हणाल्या, "त्याईनं चांगलं केलं असं नाई म्हणत मी, बाई. मले काऊन नाई विचारलं? मी आली असती ना. अर्ध्या रस्त्यातून आली असती."

त्यांचा आवाज चढला नव्हता. पण त्या दिवशी स्टँडवर लोक उभे होते आणि काकू ओट्यावर गेल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी शैलाला पोचवायला आम्ही सगळे नांदुरा स्टेशनवर गेलो. काकूंना शैलानं हट्टानं नेलं. नातेवाईक पुष्कळ होते. काकू जरा बाजूला, माझ्यापाशी उभ्या होत्या. गाडी आली, शैला खिडकीशी बसली. भाऊराव खिडकीचे गज धरून उभे होते. मुलीला काही सांगायला लागले आणि मधेच वळले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वहिनीले मी तार केली नव्हती. दादानं नोको म्हटलं होतं. तिले कोणी कळवलंच नाई. मी येवढे दिवस बोललो नाई."

शैला रडायला लागली. शैलाच्या आईनं पदर तोंडाला लावला. काकू पुढे गेल्या, भाऊरावांना म्हणाल्या, "गाडी सुटाच्या वक्ताले असं बोलाव का? पोरीले रडवलं ना." खिडकीतून हात घालून त्यांनी शैलाच्या कोटाचं वरचं बटण लावलं. गाडी हलली.

परतताना जीपमध्ये भाऊराव पुढे ड्रायव्हरपाशी बसले होते. मागे काकू, शैलाची आई आणि मी. रस्ता खराब होता. दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेली पऱ्हाटी वाळून उभी होती. शैलाच्या आईनं एकदा काकूंना जागा व्हावी म्हणून अंग चोरून घेतलं, तेवढंच.

निम्म्या वाटेवर काकूंनी मागून विचारलं, "भाऊजी, त्याईले शेवटी पाणी कोणं पाजलं होतं?"

भाऊराव मागे वळले नाहीत. "मीच पाजलं, वहिनी. चमच्यानं. थोडंसं गेलं पोटात. बाकीचं ओघळलं."

"पुसलं ना मंग?"

"हाव. माझ्या दुपट्ट्यानं पुसलं."

"बरं केलं," काकू म्हणाल्या, आणि बाहेर पाहायला लागल्या.