धुऱ्यांवरील गादीची बखर

श्री. शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सर, मास कार्तिक. परगणे पोंभुर्णा येथे, रानाच्या कडेस, राजमान्य राजश्री गुणवंतराव यांनी 'रुखमाई लॉन' नामे गवताचे राज्य स्थापिले, मग त्या गवताने बंड केले, आणि ते बंड मोडण्याकरिता बसते यंत्र, म्हणजे मनुष्य ज्यावर स्वार होऊन गवत कापतो ऐसे वाहन, पैदा करण्याची जी थोर मोहीम जाहली, तिचा साद्यंत मजकूर येथे लिहिला असे. लेखकाने या घरची मासोळी बहुत वेळा खाल्ली आहे, सबब जेथे स्तुती आढळेल तेथे वाचणाराने तोलून घ्यावी. परंतु धनी जेथे पडले तेथे पडले ऐसेच लिहिले आहे, त्यात तीळमात्र फेर नाही.

आधी मुलुखाची हकीकत. ही जमीन मूळची धानाची. वडिलोपार्जित बांध्या, म्हणजे धानाचे लहान लहान तुकडे, आणि बांधी-बांधीच्या मध्ये पाणी अडविणारे मातीचे धुरे. मग या प्रांती लग्ने अंगणातून उठून लॉनावर लागू लागली, ज्याच्या पदरी लॉन तोच मातबर ऐसी वहिवाट पडली, आणि गुणवंतरावांनी बांध्यांत हरळी लाविली, दरवाजास कमान उभी केली, आणि कमानीवर कुटुंबाचे, म्हणजे रुखमाबाईसाहेबांचे, नाव चढविले. सपाटीकरणास जेसीबीवाला दारी येऊन उभा राहिला, तेव्हा मात्र हुकूम जाहला की, "धुरे बापानं टाकले हायेत, मी नाई फोडत. लॉन नाई चाललं त उद्या धान तरी लावता येईन." मग जेसीबी चहा पिऊन परत गेला, हरळी धुऱ्यांवरही चढली, आणि पंगत बसली असता एक रांग गडावर व एक रांग खंदकात ऐसा देखावा होऊ लागला, वरच्याच्या पानातला मठ्ठा खालच्याच्या पानात उतरू लागला. दोन डगरींवर पाय ठेवणाराचे जे होते ते जाहले.

आता मोहिमेचे कारण. कारण एकच, रुखमाबाईसाहेबांची कंबर. बाईसाहेब लग्न होऊन आल्या त्याच पावसाळ्यात या बांध्यांत उतरल्या, आणि तेव्हापासून दरसाल चिखलात ओणव्या राहून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, रोवीत गेल्या. लॉन जाहले तेव्हा आता कंबरेस आराम पडेल ऐसे सर्वांस वाटले. पण ढकलण्याचे यंत्र दर धुऱ्यास अडखळून बसे, बनिहार, म्हणजे मजूर, धान कापणीस गेलेले, मग बाईसाहेबांनी विळा घेतला आणि पुन्हा वाकल्या. चंद्रपूरच्या धन्वंतरीने कंबरेची तसबीर काढून निर्वाणीचे फर्मान दिले की, यापुढे वाकणे बंद. वाकल्यास कंबरेवर शस्त्र चालवावे लागेल, आणि शस्त्र चालल्यावर पाय उठतील न उठतील ते परमेश्वराचे हाती. यावर बाईसाहेबांचा जबाब ऐसा की, "मले काई नाई झालं. गवत का डॉक्टर येऊन कापून देईन?" दुसरे दिवशी त्या पुन्हा विळ्यासह धुऱ्यावर आढळल्या. गुणवंतरावांनी विळा हिसकावून घराच्या आढ्यात खोचला आणि शपथ वाहिली की, "आता तुले वाकू देत नाई म्हणजे नाई." ते बोलताना धन्यांचा आवाज कापत होता, हे लेखकाने स्वतः ऐकिले.

इकडे गवत गुडघ्यास लागले, आणि तुळशीच्या लग्नानंतरचा पहिलाच मुहूर्त लॉनास बांधलेला. मग मसलत बसली. शेजारचे सोयाबीनवाले डोमाजी, जे अष्टौप्रहर मोबाईलात डोके घालून असल्याने परराष्ट्रखात्याची माहिती राखून असत, त्यांनी अर्ज केला की, "गुणवंतभाऊ, तिकडचे लोक खुर्चीवर बसून गवत कापून राह्यले, अन् हातात चहाचा कप!" धनी संतुष्ट जाहले. देह दांडगा, बैठक रुंद, आणि खुर्चीची आवड लहानपणची. यंत्र ऐसे पाहिजे की गादी मऊ असावी, धुरा लागला तरी हाड हलू नये, ऐसा ठराव होऊन खासा स्वारी डोमाजींसह चंद्रपुरास कूच करिती जाहली.

तेथे विक्रेत्याच्या दिवाणखान्यात, गुळगुळीत फरशीवर, यंत्रे ओळीने मांडिली होती. धन्यांनी एकेका गादीवर बैठक मारिली, डोलून पाहिले, पाठ टेकून पाहिले, चहा मागवून एकाच्या खाचेत कप ठेवून पाहिला, आणि सर्वच गाद्या सुखाच्या निघाल्या. फरशीवर कोणती गादी टोचते? तरी कपाच्या खाचेवर मन बसून पिवळे यंत्र पसंत केले, आणि घरी येऊन विजयाची वार्ता सांगितली. बाईसाहेब तांदूळ निवडीत होत्या. त्यांनी मान वर न करिता फर्माविले की, "फरशी आपल्या घरीबी हाये. धुऱ्यावर बसून पाहा न." मग धन्यांचा चेहरा उतरला आणि पसंती रद्द जाहली.

यंत्रे धुऱ्यावर दाखवावी ऐसा निरोप चंद्रपुरास गेला, आणि दुसरे दिवशी सकाळच्याच थंडीत विक्रेत्याचा शिलेदार स्वप्निल तीन यंत्रे टेम्पोत घालून दाखल जाहला. हा पोरगा गोड बोले, परंतु त्याचे बोलणे पुरते ऐकून घेण्याची या दरबारी रीत नव्हती. बिनीवर तांबडे यंत्र निघाले. चाके लहान, गादी म्हणजे जेवावयाचा पाट. धनी आरूढ जाहले, पहिला धुरा आला, चढताना आकाश दिसले आणि उतरताना माती दिसली, आणि मध्ये कोठेतरी जीभ चावली. मग पात्याने धुऱ्याच्या माथ्याची हरळी मुळासकट उडविली, आणि यंत्र धुऱ्यावर पोट टेकून, चारही चाके हवेत सोडून, म्हशीसारखे बसले. तिघांनी ओढून काढिले.

मग पिवळ्याची पाळी. यास वळविण्याचे चक्रच नाही; दोन हातांत दोन दांडे, आणि दांडे हलतील तसे यंत्र जागीच गरकन फिरणारे. सपाटीवर ते बाणासारखे गेले, डोमाजींनी टाळ्या पिटल्या. परंतु धुरा लागला तसे धनी हलले, धनी हलले तसे हात हलले, हात हलले तसे दांडे हलले, आणि दांडे हलले तसे यंत्र अधिकच हलले, ऐसे एकमेकांस हलवीत उभयता नाचत नाचत लॉनाच्या टोकाच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, उतरले. यंत्र काठच्या चिखलात रुतून राहिले, धनी पुढे गेले. वर आले ते गळ्यात शिंगाड्याचा वेल घेऊन. डोमाजींनी काठावरून विचारिले की, "भाऊ, शिंगाडे लागले काय हो?" त्याचा जबाब येथे लिहिण्याजोगा नाही.

तिसरे निळे. मागची चाके थोरली, गादीस उंच पाठ, गादीखाली स्प्रिंगा, गती पायाच्या दाबाने. स्वप्निलने चाकांतली हवा थोडी सोडून ती नरम केली, पाते वर उचलिले, आणि अर्ज करू लागला की, "भाऊ, गादी मागं-पुढं सरकते, अन् बसणाराच्या वजनाप्रमाणं हे बटन फिरवा लागते..." धनी अगोदरच ओले व संतप्त. गादीने धन्याप्रमाणे वागावे, धन्याने गादीप्रमाणे नव्हे, ऐसे म्हणून ते तसेच बसले. गुडघे चक्रास भिडले, स्प्रिंगा पहिल्याच धुऱ्यास तळाला गेल्या, आणि तिसऱ्या धुऱ्यास 'ठाण' ऐसा आवाज होऊन धन्यांच्या कंबरेत उसण भरली. एक कंबर वाचविण्यास निघालेल्या मोहिमेत दुसरी कंबर कामास आली! खाट मागविली, धन्यांस तिजवर उताणे घातले, आणि खाट लॉनाच्या मधोमध गवतात राहिली, कारण घरापर्यंत हलविले असता ते ओरडत.

मग छावणीत शोक पसरला. डोमाजी दबल्या आवाजात म्हणाले की आता आढ्यातला विळा काढण्यावाचून इलाज दिसत नाही, आणि बाईसाहेब खरोखरच घराकडे पाहू लागल्या. ते खाटेवरून धन्यांनी पाहिले. आणि जो मनुष्य बापाच्या मातीस कुदळ लागू देत नव्हता, ज्याने त्या हट्टापायी पाहुण्यांचे बोल ऐकिले, त्याने हुकूम दिला की, "डोमा, जेसीबी बोलाव. फोडा सारे धुरे. बापाले मी वर जाऊन सांगीन काय सांगाचं ते." डोमाजी मोबाईलात जेसीबीवाल्याचा नंबर शोधू लागले.

तेव्हा रुखमाबाईसाहेब पुढे येऊन उभ्या राहिल्या, आणि या मोहिमेत आरंभापासून जे कोणाच्याही ध्यानी आले नव्हते ते बोलल्या. "कंबर माही, अन् बसून पाहून राह्यले तुमी. मले एकदा तरी बसवलं काय?"

चंद्रपूरची स्वारी, मसलत, तीन यंत्रे, बोडी, शिंगाडे, सर्व काही एका कंबरेकरिता, आणि जिची कंबर तिलाच कोणी विचारिले नव्हते! लेखकानेही नव्हते. बाईसाहेबांनी पदर खोचला आणि निळ्या यंत्रावर चढल्या. स्वप्निलने गादी पुढे ओढिली, बटन हलक्या वजनावर फिरविले, आणि पायाने दाबावयाचे कोठे ते दाखवून म्हणाला, "बाई, हळू दाबा." बाईसाहेब म्हणाल्या, "माह्या वावरात मले रस्ता नोको सांगू."

आणि यंत्र चालले. पहिला धुरा येण्याआधीच बाईसाहेबांनी पाय हलका केला, कारण तो कोठे येतो हे त्यांच्या तळव्यांस यंत्राहून आधी ठाऊक. गवताने झाकला म्हणून धुरा लपतो थोडाच. मग थोडे तिरपे घेऊन एकेक चाक वर, एकेक चाक खाली, आणि गादी त्यांस झोळीतल्या लेकरासारखी झेलीत गेली. सासऱ्याचा धुरा ओलांडला, मोहाच्या झाडाकडचा ओलांडला, ज्या धुऱ्यावर पहिल्या रोवणीच्या दिवशी बसून रडल्या होत्या तोही ओलांडला. मागे गवत पडत गेले. डोमाजींनी जेसीबीवाल्यास फोन लावला होता तो न बोलता बंद केला. बाईसाहेब लांबूनच ओरडून हुकूम देत्या जाहल्या की, "धुरे राहू द्या! मले ठाऊक हायेत."

गुणवंतराव खाटेवर मान वळवून पाहत होते. या जमिनीवर काम करताना कुटुंबाची त्यांस पाठच ठाऊक. बांधावरून हाक मारावी तेव्हा पाठ, भाकर घेऊन जावे तेव्हा पाठ, इतकी वर्षे चिखलावर वाकलेली पाठ. आज त्याच बांधीतून ती ताठ बसून समोरून येत होती, सकाळचे ऊन तोंडावर, ओठ घट्ट मिटलेले, आणि डोळे नव्या नवरीहून लखलखीत. काम करताना तिचा चेहरा कैसा दिसतो हे त्यांनी आयुष्यात प्रथम पाहिले, आणि त्यांस रडू कोसळले. उसण भरलेली असल्याने डोळे पुसण्यास हातही वर जाईना.

यंत्र खाटेजवळ येऊन थांबले. बाईसाहेबांनी वरून पाहिले आणि म्हणाल्या, "रडून काऊन राह्यले? खाट सरकवा. तिच्याखाली गवत हाये."

खाट सरकविली. मोहीम फत्ते जाहली. निळे यंत्र सरकारात दाखल, धुरे कायम, विळा आढ्यात, गादी बाईसाहेबांकडे, आणि धनी उठते जाहले त्या दिवसाचा भात त्यांनीच रांधला. थोडा करपला, तरी सर्वांनी खाल्ला. मजकूर येथे पुरा जाहला.