बाईसाहेबांची उशी

मांजर घालवायचं, एवढंच घड्याळवाल्यांनी ठरवलं. पुढचं सगळं महाभारत त्या एवढ्याशा निर्णयातून घडलं.

घड्याळं दुरुस्त करणाऱ्याला सगळं चालतं, शिंक चालत नाही. चिमट्यात मोहरीहून बारीक स्क्रू धरावा आणि नेमकी तेव्हाच नाकात वळवळ व्हावी! स्क्रू कपाटाखाली, घड्याळवाले त्याच्यामागे गुडघ्यांवर आणि गिऱ्हाईक वर ताटकळत. घरी तर पहाटेच शिंकांची माळ सुरू व्हायची. डोळे उघडावेत, तर उशीवर, अगदी नाकाशी, बाईसाहेब झोपलेल्या. (बाईसाहेब म्हणजे मांजर. बायकोला तसं म्हणायची त्यांची छाती नव्हती.)

"अहो, आधी डॉक्टरांना तरी दाखवा."

"चोर उशाशी घोरतोय, डॉक्टर आणखी काय शोधणार?"

लेकीनं रडून पाहिलं. तरी बाईसाहेब टोपलीत बसून मेहुणीकडे रवाना झाल्या. लेकीनं बापाशी बोलणं टाकलं. शिंकांनी मात्र साथ सोडली नाही.

शेवटी निमूटपणे अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरीणबाईंकडे जावं लागलं. बाईंच्या तोंडावर शिंकायला नको, म्हणून निघताना त्यांनी शिंकेची गोळी घेतली. बाईंनी हातावर मांजर, धूळ अशा एकेका संशयिताचे थेंब ओळीनं टाकून टोचलं. एकही गांधी उठली नाही.

"गोळी घेतलीत का?"

"सभ्यपणा म्हणून..."

"अहो, त्यानं चाचणीच फुकट जाते! आठवडाभर गोळी बंद, मग या."

त्या आठवड्यात दुकानातले किती स्क्रू कपाटाखाली गेले, ते कपाटालाच ठाऊक. दुसऱ्या खेपेला मांजराच्या थेंबाशी कातडी सपाट राहिली. धुळीतल्या किड्यांच्या थेंबाशी मात्र लालभडक गांधी.

"उशी किती जुनी?"

"लग्नातली!" (धुतली की आकार बिघडेल, म्हणून ती कधी धुतली नव्हती.)

"टाकून द्या. नवीला घट्ट विणीची खोळ घाला, चादरी गरम पाण्यात धुवा, नाकात रोज फवारा मारा. एवढ्यानं नाही भागलं तर इंजेक्शनांचा कोर्स आहे, पण तो काही वर्षं चालतो."

"आणि मांजर?"

"मांजरानं काय केलंय?"

हा प्रश्न त्यांच्या काळजात रुतला. उशी गेली, हळूहळू शिंकाही गेल्या, पण सकाळी उशाशी ऊब नसायची आणि लेक पाठ करून दूध प्यायची. त्यांना फार वाईट वाटायचं. इतकी वर्षं ते मुकं जनावर आपल्याच उशाशी का झोपत होतं? माया! आणि ती माया आपण टोपलीत कोंबली.

रविवारी ते स्वतः मेहुणीकडे गेले, कान पकडले आणि बाईसाहेबांना घेऊन आले. लेक दारात उभी. घड्याळवाले पलंगावर आडवे झाले, उशीवर जागा केली आणि टोपली उघडली.

बाईसाहेबांनी नवी उशी हुंगली. पलंगाखाली पाहिलं, कपाटामागे पाहिलं. मग घड्याळवाल्यांच्या पोटावरून चालत थेट लेकीच्या खोलीत गेल्या.

"काय गं शोधत होती ती?" त्यांनी हळूच विचारलं.

इतक्या दिवसांनी लेक बोलली.

"जुनी उशी, बाबा. तुम्ही तर समोरच होतात."