बाजूने पाहिलेल्या पडद्याची बखर

ऐकणारांनी सावध होऊन, हातचा मोबाइल पालथा ठेवून ऐकावे. राज्ये बुडाली, तख्ते पालटली, त्यांच्या बखरी बहुत आहेत. परंतु दिवाणखान्यातील टीव्ही पालटला तेव्हां घरात काय रण माजले, कोण कोणावर चालून गेले आणि अखेर कोणाची सरशी जाहली, हे कोणी लिहून ठेविले नाही, सबब हे लिहिणे.

पूर्वपीठिका ऐसी जे, तिसऱ्या मजल्यावरील घरात राजश्री आबासाहेब, पाण्याचे मीटर तपासण्याच्या चाकरीतून मानाने निवृत्त, हे गादीवर होते. गादी म्हणजे सोफ्याची मधली जागा, टीव्हीच्या बरोबर नाकासमोर. उजवे हाती थोरले चिरंजीव, खाजगी कंपनीत हिशेबनीस, आणि डावे हाती धाकटी कन्या, दातांच्या दवाखान्यात रोग्यांस वेळा नेमून देणारी, ऐसे मानकरी बसत. आणि आईसाहेब, ज्यांच्या हातचे शिवण आसपासच्या गल्ल्यांत नावाजलेले, त्यांचे आसन म्हणजे शिलाई मशीनचे स्टूल. ते खिडकीपाशी होते, कारण शिवणास उजेड लागतो. आणि खिडकी टीव्हीच्या अंगालाच कोपऱ्यात होती, सबब आईसाहेब अवघ्या मालिका कडेने, तिरक्या मानेने पाहात. यात कोणास काही वावगे वाटले नाही. राज्यात ज्याची त्याची जागा ठरलेली असते.

आता दुःखाचे कलम.

आईसाहेबांकडे गिऱ्हाइके येत आणि सांगत की, अमक्या मालिकेतील मोठी सून घालते तसा ड्रेस आम्हांस हवा. आईसाहेब मालिका पाहून रंग मनात धरीत आणि मग बाजारातून त्या रंगाचे कापड आणीत. तों एकीने गर्द जांभळा मागितला, तिला राखेसारखा मिळाला. दुसरीने डाळिंबी मागितला, तिला धुऊन विटलेला गुलाबी मिळाला. आणि तिसरी तर ड्रेस उलटापालटा करून, काकू, हा कोणी वापरलाय का, म्हणून विचारती जाहली. तेव्हां आईसाहेबांच्या मनाने घेतले की आपले डोळे चालले. डॉक्टरांकडे चला म्हटले की त्या उद्या म्हणत, आणि तो उद्या काही केल्या उगवेना, कारण विचारले नाही तोवर दुखणे नसते, ऐसा त्यांचा हिशेब. हातचा दोरा कन्येपुढे धरून हळूच विचारू लागल्या, हा तांबडाच आहे ना गं. आणि एके दिवशी ताटावर बसल्या बसल्या जाहीर केले की मशीन विकावयाची, पलीकडच्या गल्लीतील शिंपी रविवारी संध्याकाळी येऊन नेणार आहे. आबासाहेबांचा घास हातातच राहिला. लग्न होऊन आल्यापासून त्या मशीनचा आवाज घरात नाही ऐसा दिवस त्यांस आठवेना, आणि आठवला नाही म्हणून त्यांनी डाळ वाढून घेतली, दुसरे काय करणार.

ऐशा प्रसंगी, त्याच आठवड्यात, भर बातम्यांत टीव्ही मेला.

मग खलबते सुरू जाहली. थोरले चिरंजीव ओएलईडीच्या पक्षाचे. त्यांनी कचेरीत बसून याविषयीचे इतके व्हिडिओ पाहिले होते की साहेबांनी दोनदा त्यांस हिशेबाविषयी विचारले आणि दोन्ही वेळा उत्तर काळ्या रंगाविषयी आले. त्यांचे म्हणणे ऐसे जे, ओएलईडीचा एकेक ठिपका आपला आपण पेटतो आणि आपला आपण विझतो, सबब त्याचा काळा म्हणजे अमावस्येस विहिरीत डोकवावे तसा काळा. कन्या मिनी-एलईडीच्या पक्षाची. तिचे म्हणणे, पडद्यामागे बारीक दिव्यांची अख्खी फौज, पुढे क्वांटम डॉटचा रंगीत थर, भर दुपारी खिडकीतून ऊन आले तरी चित्र मागे हटत नाही. दादाचा ओएलईडी आणला तर दुपारी त्याचा आरसा होईल आणि आपण आपलीच तोंडे पाहात बसू. चिरंजीवांनी तोड काढली की खिडकीस जाड पडदे लावावे. कन्या म्हणाली, मग आईने शिवायचं कसं. आणि मग मशीन जावयाचीच आहे हे सर्वांस एकदम आठवले, आणि ती बैठक तिथेच मोडली.

दुसरे दिवशी घरच्या ग्रुपवर सुटलेले खलिते, जसे सापडले तसे:

चिरंजीवांकडून, व्हिडिओ एक, त्यात नुसता काळोख.

कन्येकडून, फोटो एक. कोणाच्या तरी ओएलईडीवर वाहिनीचे चिन्ह कायमचे उमटलेले. खाली मजकूर: आबा दिवसभर बातम्या लावतात, ती खालची पट्टी अशीच छापली जाईल, मग सिनेमातही महागाई वाढलेली दिसेल.

चिरंजीवांकडून, तसं आता होत नाही.

कन्येकडून, कमी होतं. होत नाही असं नाही.

आबासाहेबांकडून, अंगठा. तो कोणाच्या बाजूचा, हे उकलले नाही.

आईसाहेबांकडून, येताना दूध आणा.

अखेर आबासाहेबांचे फर्मान सुटले की, रविवारी सकाळी खासा स्वारी दुकानावर कूच करील आणि जातीने पाहून निवाडा देईल, अवघ्यांनी हजर राहावे. आईसाहेब म्हणाल्या की आम्हांस आता रंगांशी काय कर्तव्य. तरी त्या निघाल्या, कारण बापलेक भिंतीहून मोठा टीव्ही घेऊन येतील ऐसी त्यांस खात्री होती. भिंतीचे माप त्यांस तोंडपाठ, आणि शिवणाची टेप गळ्यातच होती.

दुकानी पोहोचताच काय पाहावे, तर भिंतभर टीव्ही ओळीने उभे आणि सर्वांवर एकच चित्र, एक फूल हळूहळू उमलते आहे, मग मिटते, मग पुन्हा उमलते. गळ्यात ओळखपत्र अडकवलेले एक विक्रेते सामोरे आले आणि त्यांनी बोलण्यास आरंभ केला की

(येथून पुढे अर्धे पान निट्स, हर्ट्झ आणि लोकल डिमिंग यांनी भरले आहे. ते वाळवीनेही खाल्ले नाही.)

आणि ऐसे सांगून ते दम घेण्यास थांबले. मग चिरंजीव ओएलईडीपुढे मधोमध उभे राहिले आणि विक्रेत्यांस दिवे घालवावयास लाविले. कन्या मिनी-एलईडीपुढे मधोमध उभी राहिली आणि दिवे लावावयास लाविले. पुन्हा दिवे गेले, पुन्हा आले, आणि पलीकडे मिक्सर पाहाणारे एक जोडपे वीज जाते आहे समजून निघून गेले. आबासाहेब ज्याच्यापुढे उभे राहात तो त्यांस उत्तम वाटे, सबब त्यांची बहुत ओढाताण होऊ लागली.

इकडे आईसाहेबांचे पाय दुखू लागले. त्या ओळीच्या टोकास एक स्टूल होते त्यावर, सवयीने, मान तिरकी करून बसल्या. बसल्या आणि पाहू लागल्या. फूल तेच, परंतु कन्येच्या टीव्हीत ते भुरकट होते, चिरंजीवांच्या टीव्हीत गर्द किरमिजी, आणि कोपऱ्यातील एका साध्या टीव्हीत, ज्यापुढे कोणीच उभे नव्हते, त्यातही किरमिजीच. आईसाहेब उठल्या. कन्येच्या टीव्हीसमोर जाऊन उभ्या राहिल्या, तों भुरकट फूल किरमिजी जाहले. परत स्टुलावर आल्या, पुन्हा भुरकट. परत गेल्या. परत आल्या. विक्रेत्यांस वाटले, बाईंचे काही हरवले आहे.

मग त्यांनी हाक मारली, ती जन्मात चारचौघांत मारली नव्हती तशी.

“अहो, इकडे या. इथे बसा.”

आबासाहेब येऊन बसले.

“मान अशी करा. नाही, अजून. हां. आता सांगा, ते मोठं फूल कुठल्या रंगाचं आहे?”

आबासाहेबांनी डोळे बारीक केले. “मातकट. म्हणजे, गुलाबी होतं बहुतेक.”

“आता समोर जाऊन बघा.”

आबासाहेब गेले, पाहिले, आणि तिथेच उभे राहिले.

विक्रेत्यांनी खुलासा केला की ही व्हीए पॅनेल, समोरून झकास, काळाही चांगला, पण बाजूने रंग उतरतो, बहुतेकांस कळत नाही कारण बहुतेक लोक समोर बसतात, तुमचा जुना टीव्हीही याच जातीचा असेल.

“म्हणजे माझे डोळे नाही गेले,” आईसाहेब म्हणाल्या. कोणास असे नाही, फुलास म्हणाल्या.

आबासाहेबांनी विचारले, “तू इतकी वर्षं हे असं बघत होतीस?”

“आधी वाटलं, टीव्हीत असंच असतं. मग वाटलं, माझंच काहीतरी झालं.”

“बोलायचं तरी.”

“काय बोलायचं? तुम्ही सगळे मजेत बघत होतात.”

चिरंजीव आपल्या बुटांचे निरीक्षण करू लागले. कन्या आईच्या दंडास धरून उभी राहिली, आणि मिनी-एलईडीचा पक्ष त्याच जागी, एकही हरकत न घेता, शरण आला.

राहिला ओएलईडी. तो बाजूनेही खरा दिसे, परंतु आबासाहेबांच्या बातम्यांची पट्टी आणि आईसाहेबांची खिडकी, या दोन शत्रूंपुढे त्याचा निभाव कठीण, हे चिरंजीवांनी स्वमुखे कबूल केले. तेव्हां सर्वांच्या नजरा कोपऱ्यातील साध्या टीव्हीकडे वळल्या. तो आयपीएस पॅनेलचा, म्हणजे कडेनेही रंग न सोडणाऱ्या जातीचा, त्यावर कोणी व्हिडिओ केला नव्हता, कोणी त्याचा पक्ष घेतला नव्हता. आईसाहेबांनी त्यास डावीकडून पाहिले, उजवीकडून पाहिले, गळ्यातील टेप काढून मापिले. चिरंजीवांनी अखेरचा वार केला की, आई, याचा काळा काळा नाही गं, राखाडी आहे.

“काळं कापड माझ्याकडे ठाणभर पडलंय,” आईसाहेब म्हणाल्या. “मला बाकीचे रंग हवेत.”

आबासाहेबांनी हुकूम दिला की हाच बांधावा. कन्येने तहात एक कलम घातले की डोळे तरीही तपासावयाचे. आणि आता भिण्यासारखे काही नाही म्हणून आईसाहेबांनी ते मंजूर केले. (पुढे तपासले. चाळिशीचा नंबर थोडा वाढला होता, तो वयाने वाढावा तितकाच.)

त्याच संध्याकाळी टीव्ही भिंतीवर चढला. आबासाहेब गादीवर न बसता खुर्ची ओढून मशीनपाशी बसले, आणि गादी रिकामी पाहून चिरंजीव तीवर आडवे जाहले. बातम्या लागल्या. आईसाहेब बराच वेळ निवेदकाकडे पाहात होत्या.

“हा रोज इतका भडक टाय घालतो?”

“रोज,” आबासाहेब म्हणाले.

“आणि मी याला साधा माणूस समजत होते.”

इतक्यात फोन वाजला. पलीकडच्या गल्लीतील शिंपी विचारीत होते की टेम्पो घेऊन निघू का. कन्येने बातम्यांचा आवाज बंद केला. आईसाहेबांनी एक हात मशीनवर ठेविला आणि बोलल्या.

“नाही, मशीन देत नाही. डोळे? डोळे ठीक आहेत. टीव्ही आजारी होता.”

येणेप्रमाणे पडद्याची मोहीम फत्ते जाहली. ओएलईडीचा पक्ष मानाने माघारी गेला, मिनी-एलईडीचा पक्ष आईच्या बाजूस मिळाला, आणि टीव्हीचा मुलुख आबासाहेबांच्या नाकासमोरून खिडकीच्या कोपऱ्यापर्यंत, पूर्ण रंगांनिशी, आईसाहेबांच्या अमलाखाली आला. घरात मशीनचा आवाज सुरू आहे. बातम्या नीट ऐकू येत नाहीत. तक्रार कोणाची नाही.