डांबरगोळ्या पचवणारे बाबा

एका जंगलात, बाळांनो, वाघ राजा होता आणि त्याला सत्कारांची भारी हौस होती. सत्कारात मिळालेल्या लोकरी शालींची गुहेत थप्पी लागली होती. त्यांना कसर लागू नये म्हणून घड्यांमध्ये पांढऱ्या डांबरगोळ्या ठेवायचं काम भिवा उदमांजराकडे होतं.

उन्हाळ्यात गोळ्या झिजत गेल्या आणि एक दिवस दिसेनाशा झाल्या. भिवाने पाहिलं तसं सांगितलं. गोळ्या वितळल्या नाहीत, कुणी नेल्याही नाहीत. त्या हवेत उडून गेल्या.

दरबार पोट धरून हसला. प्रधान कोल्हा म्हणाला, मेणसुद्धा आधी पातळ होतं, मग तुझ्या गोळ्यांनाच एवढी घाई कसली? भिवाने त्या खडीसाखर समजून खाल्ल्या, असं ठरलं. शिक्षा कडेलोटाची.

तेवढ्यात वैद्य माकड म्हणालं, ही गोळी विषारी असते, खाणारा वाचत नाही. भिवा तर समोर धडधाकट उभा.

आली पंचाईत. भिवाला निर्दोष म्हणावं, तर दरबार चुकला असं होणार. मग कोल्ह्यानेच वाट काढली. भिवाने विष पचवलं, अर्थात तो सिद्धपुरुष आहे.

कड्यावर न्यायचं ते भिवाला गादीवर बसवलं. भक्त ताटभर गोळ्या वाहू लागले. हळूहळू ताट रिकामं होई, म्हणजे बाबांनी नैवेद्य घेतला. कोंदट मठात त्या उग्र वासाने डोकी गरगरत. त्याला समाधी म्हणत. भिवाला आधी फार लाज वाटली. मग पायांवर माथे टेकू लागले, मधाची पोळी येऊ लागली, आणि लाज अंगवळणी पडली.

एकदा साळिंदरबाई तापलेलं पिल्लू घेऊन आली. प्रसादाची गोळी तिने त्याच्या तोंडाशी नेली. भिवा गादीवरून झेपावला. त्याने पंजाने गोळी उडवली.

"बाई, विष आहे ते. मी एकही खाल्लेली नाही. ती आपोआप हवेत जाते."

साळिंदरबाईने भक्तिभावाने हात जोडले. "किती नम्र आहेत बाबा."

कोल्हा भिवाच्या कानाशी वाकला. "जुना खटला अजून मिटवलेला नाही, बाबा."

भिवाने डोळे मिटून घेतले. बाईने गोळी उचलली, पुसली आणि पिल्लाला भरवली.

पिल्लू गेलं. आईची श्रद्धा कमी पडली, असं कोल्ह्याने जाहीर केलं. बाबांनी मान डोलावली.

तात्पर्य: विष फक्त खाणाऱ्याला बाधतं. पचवल्याचं नाव ज्याला मिळालं, त्याच्या अंगी ते चांगलं लागतं.